लाल दिवा लागल्यावर : रेडिओवर मुंबईचा इतिहास सांगताना

आकाशवाणीवरून फोन येतो तेव्हा विषय एका दमात सांगितला जातो : "मुंबईच्या इतिहासावर अर्धा तास बोलायचंय." हा विषय नव्हे. तो त्याच फोनवर छाटून घ्यावा, कारण कार्यक्रमाचं शीर्षक एकदा वेळापत्रकात गेलं की बदलणं अवघड होतं. निर्मात्याला लगेच विचारून घ्यायचं : कार्यक्रम थेट आहे की ध्वनिमुद्रित? एकट्याचं भाषण आहे की मुलाखत? मध्ये गाणी आहेत का? श्रोत्यांचे फोन घेणार का? सगळी तयारी या उत्तरांवर ठरते. दहा मिनिटांच्या भाषणाची लिखित संहिता आधी द्यावी लागते. मुलाखतीला मुद्दे पुरतात. फोन घ्यायचे असतील तर मुद्दे कमी आणि हाताशी संदर्भ जास्त लागतात, कारण प्रश्न कुठून येईल ते कुणालाच माहीत नसतं.

विषय छाटताना माझी कसोटी एकच असते : ऐकणारा उद्या त्या जागेवरून जाणार आहे का? रेडिओ ऐकणारा माणूस पोळ्या लाटत असतो, रिक्षा चालवत असतो किंवा दुकान उघडत असतो. त्याच्या हातात ना कागद असतो ना नकाशा, आणि निसटलेलं वाक्य त्याला परत ऐकता येत नाही. सन त्याच्या कानावरून जातो, पत्ता मात्र डोक्यात राहतो. म्हणून आधी जागा, मग माणूस, आणि सन सगळ्यात शेवटी.

एक विषय उदाहरणादाखल घेऊ : मुंबईतले बुजवलेले तलाव. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दो टाकी ही नावं अजून बसच्या कंडक्टरच्या तोंडी आहेत आणि तिथे पाणी कुठेच नाही. तेव्हा प्रश्न श्रोत्याच्या मनात आधीच तयार असतो, आपण त्याला फक्त वाट करून द्यायची. शिवाय या विषयाला सुरुवात, कारण आणि शेवट तिन्ही आहेत. बेटावर गोड्या पाण्याची कायम ओढ, म्हणून विहिरी खणल्या गेल्या आणि श्रीमंतांनी धर्मादाय म्हणून तलाव बांधले. सी. पी. म्हणजे कावसजी पटेल. धोबी तलावाला फ्रामजी कावसजींचं नाव. मग १८५६ साली विहार जलाशयाचं काम सुरू झालं, १८६० मध्ये नळाचं पाणी आलं, पुढे १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. तलाव मागे पडले. शेवटचा घाव मलेरियाचा. १९११ साली डॉक्टर बेंटली यांनी शहरातल्या हिवतापावर अहवाल दिला, त्यात विहिरींत वाढणाऱ्या डासावर बोट ठेवलं, आणि 'विहिरी बुजवा नाहीतर झाका' असा तगादा सुरू झाला. धर्मकृत्यांना विहिरीचंच पाणी लागतं म्हणून पारशी आणि हिंदू घरमालकांनी विरोध केला. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ सालची, ती टिकली. वाळकेश्वरचं बाणगंगाही टिकलं. अर्ध्या तासाला एवढा ऐवज भरपूर होतो, खरं तर थोडा जास्तच होतो.

दुसरी गोष्ट, जिच्याकडे आम्हा इतिहासाच्या अभ्यासकांचं फार दुर्लक्ष होतं. मुंबईच्या इतिहासावर बोलायला बसलं की आपण सात बेटांपासून सुरुवात करतो आणि फोर्ट, गिरगाव, गिरणगाव यांतच फिरत राहतो. ऐकणारा मात्र राहतो बोरिवलीला, मुलुंडला, चेंबूरला. त्याच्या जमिनीचा इतिहास वेगळा आहे. साष्टी, म्हणजे मुंबई बेटाच्या उत्तरेचा आजचा उपनगरांचा भाग, १६६१च्या त्या प्रसिद्ध तहात, पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांना आंदण दिली त्यात, आलीच नव्हती. ती पोर्तुगीजांकडून १७३७च्या मोहिमेत मराठ्यांकडे आली आणि इंग्रजांनी घेतली ती १७७४च्या अखेरीस. माहीम आणि वांद्रे जोडणारा रस्ता व्हायला १८४५ उजाडलं, तोही लेडी जमशेटजी यांच्या पैशातून. महापालिकेची हद्द १९५० मध्ये उपनगरांत शिरली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली. म्हणून तलावांवर बोलतानासुद्धा विहार आणि तुळशी हे उपनगरच्या बाजूचे तलाव आहेत, बेटाची तहान साष्टीच्या पाण्याने भागली, हे एक वाक्य आवर्जून घालावं. त्या वाक्यानंतर उपनगरांतून फोन येऊ लागतात, हा कायमचा अनुभव आहे.

आता पडताळणी. लेखात एखादा सन चुकला तर पुढच्या आवृत्तीत सुधारता येतो. हवेत गेलेला सन कुणीतरी वहीत उतरवून घेतलेला असतो आणि शाळेच्या प्रकल्पात तो पाच वर्षं फिरत राहतो. मी प्रत्येक विधानापुढे तीन खुणांपैकी एक करतो : पक्कं, बहुधा, लोक सांगतात. पक्कं म्हणजे दोन स्वतंत्र कागदांत सापडलेलं. त्यासाठी काळा घोड्याचं राज्य अभिलेखागार, टाउन हॉलमधलं एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि महापालिकेचे जुने वार्षिक अहवाल. तलावांसाठी सगळ्यात उपयोगी पडते ती लॉटनची नकाशांसाठीची शहराची मोजणी, १८६५ ते १८७२ दरम्यान झालेली. तिच्यावर आजचा नकाशा ठेवला की पाणी नेमकं कुठल्या चौकाखाली होतं ते कळतं. 'लोक सांगतात' हा वर्गही टाकाऊ नाही, फक्त तो त्याच शब्दांत सांगायचा.

पक्क्या वाटणाऱ्या गोष्टींतच जास्त घात होतो. पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली हे खरं, पण ती आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीतून निघाली असं सर्रास सांगितलं जातं. त्या इमारतीचं काम सुरू झालं १८७८ साली. मुंबई आंदण दिली त्या गोष्टीत तीन सन आहेत : तह १६६१, इंग्रजांचा प्रत्यक्ष ताबा १६६५, कंपनीकडे हस्तांतर १६६८, वर्षाला दहा पौंड भाड्यावर. बोलण्याच्या ओघात हे तिन्ही एकमेकांत मिसळतात, म्हणून एकच निवडावा आणि तो कशाचा सन आहे ते त्याच वाक्यात म्हणावं.

मृतांचे आकडे हा सर्वांत नाजूक भाग. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचे स्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले हे नोंदलेलं आहे, पण एकूण मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत वेगवेगळे दिलेले आढळतात. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांची संख्याही १०५, १०६, १०७ अशी तिन्ही प्रकारे छापलेली आहे. अशा ठिकाणी अधला-मधला आकडा बनवू नये. "एकूण किती गेले यावर कागदपत्रांत एकवाक्यता नाही, आठशेच्या वरच," असं सरळ म्हणावं. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्या घरांतही रेडिओ लावलेला असतो, हे बोलताना विसरू नये.

संहितेकडे येऊ. इतिहासाचा अभ्यासक लिहायला बसला की असं लिहितो :

"विहार जलाशयाच्या निर्मितीपूर्वी मुंबई बेटावरील पाणीपुरवठा प्रामुख्याने विहिरी व दानशूर व्यक्तींनी बांधलेल्या तलावांवर अवलंबून असून, १८५६ साली प्रारंभ झालेल्या व १८६० मध्ये पूर्णत्वास गेलेल्या विहार योजनेमुळे सदर जलस्रोतांचे महत्त्व क्रमशः घटत गेले."

छापायला यात चूक काहीच नाही. पण कानाला क्रियापद येईपर्यंत वाट पाहावी लागते, आणि तोवर कुकरची शिट्टी झालेली असते. हेच बोलायचं तर असं :

"मेट्रो सिनेमाच्या सिग्नलला उभे राहा. हा धोबी तलाव. आज इथे पाण्याचा थेंब नाही. पण दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी आसपासच्या लोकांना पाणी मिळायचं ते इथूनच. असे तलाव पैसेवाली माणसं बांधायची, पुण्य म्हणून. मग विहारचं पाणी नळातून शहरात आलं. साल अठराशे साठ. आणि तलावाकडे जाणारी वाट हळूहळू मोडली."

एका वाक्याची आठ झाली. 'सदर', 'क्रमशः', 'प्रामुख्याने' गळले. दोन सनांतला एकच राहिला, आणि तोही लोकांच्या घरात पाणी पोचलं तो. काम कधी सुरू झालं ते अभ्यासकाला हवं असतं, श्रोत्याला नाही. सन वेगळ्या छोट्या वाक्यात आला, म्हणजे त्याच्या आधी आणि नंतर श्वास घेता येतो. दहा मिनिटांत तीनाहून जास्त सन घालू नयेत. आणि सगळे सन संहितेत अक्षरात लिहावेत. मराठी आकड्यांची रचना अशी आहे की 'एकोणऐंशी' आणि 'एकोणनव्वद' वाचणाऱ्याच्या जिभेवरही घसरतात आणि ऐकणाऱ्याच्या कानातही. तुळशीचं १८७९ मी 'अठराशे एकोणऐंशी, म्हणजे विहारनंतर एकोणीस वर्षांनी' असं सांगतो. एक कान चुकला तर दुसरा धरतो.

दिशांचंही तेच. 'उत्तरेस दीड किलोमीटर' याचा रेडिओवर उपयोग नाही. 'चर्नी रोड स्टेशनवरून पूर्वेला उतरून चालत गेलात तर' हे मुंबईकराला डोळे मिटून दिसतं. जागा आधी न सांगता वापरलेले 'इथे', 'हा असा', 'एवढा मोठा' हे शब्द हातवाऱ्यांचे आहेत. तलाव एवढा मोठा म्हणायचं असेल तर शिवाजी पार्कच्या किती पट ते सांगा, अर्थात मोजून.

वेळेचा हिशेब कागदावर करूनच जावं. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात अर्धा तास बोलायला मिळत नाही. संकेतधून, उद्घोषणा, समारोप, दोन गाणी असली तर ती, हे सगळं वजा जाता बावीस-चोवीस मिनिटं हातात येतात. स्वच्छ आणि सावकाश बोललं तर मराठीत मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द होतात. म्हणजे दहा मिनिटांचं भाषण अकराशे ते बाराशे शब्दांचं, त्याहून मोठं नाही. मुलाखतीत एक उत्तर दोन मिनिटांच्या पुढे गेलं की निवेदक अस्वस्थ होतो आणि ते बरोबरच आहे. प्रश्नासकट धरलं तर आठ-नऊ प्रश्न बसतात. मी बारा प्रश्नांची यादी देतो आणि शेवटचे तीन असे ठेवतो की गाळले तरी गोष्ट अपुरी वाटत नाही. तलावांच्या कार्यक्रमात मलेरिया आणि विहिरी हा भाग नेहमी मध्यावर घ्यावा. तो शेवटी ठेवला की वेळ संपतो आणि तलाव का बुजले हे कारणच राहून जातं.

निवेदकाला द्यायचा कागद एकच पानाचा. त्यावर प्रश्न, आणि अडचणीच्या नावांचे उच्चार : हॉर्नबी वेलार्ड, फ्रामजी, विहार योजनेचा अभियंता कॉनीबेअर. स्वतःची ओळख तीन ओळींत लिहून द्यावी. पानभर माहितीपत्र दिलंत तर उद्घोषक ते आदराने सगळं वाचतो आणि तुमच्याच वेळेतलं दीड मिनिट जातं. आणि एक पथ्य : चहा पिताना निवेदकाला सगळी गोष्ट रंगवून सांगू नये. पहिल्यांदा सांगताना जो उत्साह असतो तो दुसऱ्यांदा येत नाही, आणि माइकसमोर 'मघाशी आपण बोललो तसं' असं तोंडून निघतं, जे श्रोत्याने ऐकलेलंच नसतं.

ध्वनिमुद्रणाआधी करारपत्रावर सही होते. मानधनासाठी बँकेचा तपशील आणि पॅन लागतो, ते बरोबर ठेवावं. पुनःप्रसारणाबद्दल आणि ध्वनिफितीच्या वापराबद्दल काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय सही करू नये. कार्यक्रम स्वतःच्या यूट्यूबवर टाकायचा विचार असेल तर त्याची परवानगी वेगळी आणि लेखी मागावी लागते. आकाशवाणीची प्रसारणसंहिताही माहीत हवी : कुठल्या धर्माची वा जमातीची निंदा नको, पक्षाचं नाव घेऊन हल्ला नको, चिथावणी नको, बदनामी नको. इतिहास सांगायला याची आडकाठी होत नाही. २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, हे जसं झालं तसं सांगता येतं. ते आजच्या एखाद्या पक्षाच्या दारात नेऊन सोडलं की ती फीत कापली जाते आणि गोष्टीचा सांधा तुटतो.

थेट कार्यक्रम रविवारी असेल तर मेगाब्लॉकचं वेळापत्रक आदल्या दिवशी पाहा. चर्चगेटहून आकाशवाणी चालत जाण्याइतकी जवळ आहे, पण गेटवर पास, ओळखपत्र, नोंदवही, हे सगळं होईतो वेळ जातोच. तासभर आधी पोचलेलं बरं.

स्टुडिओत थंडी असते. दुधाचा चहा आधी टाळावा, घसा चिकट वाटतो आणि दर वाक्याआधी खाकरावं लागतं. साधं कोमट पाणी उत्तम. कडक खळ दिलेला झब्बा घालू नये, हात हलला की कापडाचा आवाज माइकमध्ये येतो. बांगड्या, मोठी माळ, खिशातली नाणी, टिकटिक करणारं पेन बाहेर ठेवावं. मोबाईल नुसता सायलेंट करून भागत नाही, तो आत नेऊच नये. माइकपासून तोंड एक वीतभर लांब आणि किंचित तिरपं. समोरून थेट बोललं की 'प', 'फ', 'ब', 'भ' यांचा भपका बसतो, आणि आपल्या विषयात 'फोर्ट', 'पायधुणी', 'भायखळा', 'परळ' अशी नावं पदोपदी येतात. नवख्या माणसाची खरी अडचण ही की तो कागद पाहायला मान खाली घालतो आणि निवेदकाकडे पाहायला वर करतो; दर वेळी आवाज कमी-जास्त होतो. कागद माइकच्या मागे, डोळ्यांच्या पातळीच्या जवळ धरला की हे थांबतं. कागद एका बाजूला छापलेले, टाचणीशिवाय, सोळा पॉइंटच्या अक्षरात. परिच्छेद पानावर संपला पाहिजे, पुढच्या पानावर जाऊ नये. पान उलटू नका, अलगद बाजूला सरकवा.

आवाजाची पातळी बघायला तंत्रज्ञ काचेपलीकडून "बोला काहीतरी" म्हणतो. तेव्हा 'एक, दोन, तीन' म्हणू नये. ते सगळेच हळू म्हणतात आणि कार्यक्रम सुरू झाला की आवाज चढतो. संहितेचा पहिला परिच्छेद खऱ्या आवाजात वाचून दाखवावा. लाल दिवा लागला की माइक उघडा, मग खुर्ची सरकवणंसुद्धा बंद. अडखळलात तर थांबा, दोन सेकंद गप्प राहा, आणि वाक्य पहिल्यापासून घ्या. मधल्या शब्दापासून पुन्हा पकडलं तर संकलनात जोड कळतो, कारण मराठीत वाक्याच्या सुरुवातीचा आणि मधला सूर वेगळा असतो. निवेदक बोलत असताना 'हं, हं, बरोबर' म्हणायची आपली सवय आहे; तीही सोडावी लागते, नुसती मान हलवावी. काचेपलीकडे बोट गोल फिरलं तर आवरतं घ्यायचं, दोन हात ताणल्यासारखे लांब गेले तर थोडं वाढवायचं.

जागेवरचा आवाज हवा असेल, बाणगंगेच्या पायऱ्यांवरचा किंवा चौकातला, तर तो आधी वेगळा मुद्रित करून न्यावा. पहाटे जा, नंतर हॉर्नखाली सगळं बुडतं. दोन मिनिटांचा अखंड आवाज घ्या, त्यात स्वतः काही बोलू नका. भिखा बेहराम विहिरीच्या आवारात पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही, तेव्हा तिथे फुटपाथवरूनच जे मिळेल ते.

फोन-इनला हेडफोन लावावे लागतात. एक कान झाकून एक थोडा उघडा ठेवला की स्वतःचा आवाज नैसर्गिक राहतो. फोन करणाऱ्याच्या घरात रेडिओ चालू असला तर आवाज घुमून परत येतो. बाहेर फोन घेणारी मंडळी त्याला रेडिओ बारीक करायला सांगतात, पण माणूस बोलायच्या भरात विसरतो. अशा वेळी आपण शांत राहायचं, निवेदकाला सांभाळू द्यायचं.

प्रश्न कसे येतात पाहा. "नमस्कार सर, मी लालबागवरून बोलतेय. आमच्या चाळीखाली भुयार आहे, ते थेट किल्ल्यापर्यंत जातं असं माझे सासरे सांगायचे. खरं आहे का?" यावर 'ती दंतकथा आहे' असं म्हटलं की फोन तिथेच संपतो. सासरे खोटं बोलत होते असं त्यांनी ऐकलं, आणि पुढचे दहा जण फोन करायचे थांबले. उत्तर असं द्यावं : "ताई, सासऱ्यांनी काहीतरी नक्की पाहिलेलं असणार. गिरणगावात जमिनीखाली पावसाळी नाले, गिरण्यांच्या पाण्याच्या वाटा, झाकलेल्या विहिरी भरपूर आहेत आणि त्यांचं तोंड भुयारासारखंच दिसतं. पण लालबाग ते फोर्ट या पट्ट्यात भर घालून केलेली सखल जमीन खूप आहे, थोडं खणलं की पाणी लागतं. एवढं लांब भुयार तिथे कोरडं राहणार नाही. ते तोंड चाळीच्या कुठल्या बाजूला होतं, ते घरात कुणाला आठवतंय का?" पुष्कळदा याचं उत्तर लगेच येतं, आणि एखाद्या बुजलेल्या विहिरीची जागा कळते.

जागेच्या मालकीचे प्रश्न हमखास येतात, विशेषतः जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या काळात. "आमचा प्लॉट आधी देवस्थानचा होता ना?" इथे मत देऊ नये, जुना नकाशा पाहिलेला असला तरी. रेडिओवरचं वाक्य उद्या कुणीतरी भांडणात वापरतो. शहरातल्या जागेला जमीनमोजणीचा सी. एस. क्रमांक असतो, उपनगरात सी. टी. एस.; त्या क्रमांकावर मालमत्ता पत्रक काढा, असं सांगून पुढे जावं. 'मुंबईचे मूळ रहिवासी कोण' या प्रश्नाला मात्र टाळू नये. कोळ्यांची वस्ती सगळ्यात जुन्यांपैकी, आणि वरळी, शीव, खारदांडा, वर्सोवा, मढ इथले कोळीवाडे आजही नांदते आहेत, हे ठामपणे म्हणावं. आगरी, भंडारी, पाठारे प्रभू, पाचकळशी, ईस्ट इंडियन (इथले जुने ख्रिस्ती) हे सगळे जुने. कोण कधी दिसतो ते कागदावरून सांगावं. कुणाचा हक्क मोठा ते सांगायला इतिहासाची साधनं पुरत नाहीत. एखादं नाव कसं पडलं याची व्युत्पत्ती निश्चित नसेल तर दोन्ही मतं एकेका वाक्यात देऊन थांबावं.

उत्तर माहीत नसेल तर "हे मला बघावं लागेल" एवढंच. त्यानंतर वीस सेकंद सारवासारव केली की माहीत नाही ते जास्त कळतं.

खासगी एफएमवर सगळं वेगळं. तिथे दोन गाण्यांमध्ये दोन-अडीच मिनिटं मिळतात, आरजे मध्ये बोलणारच, आणि उत्तर तीस-चाळीस सेकंदांत पुरं व्हायला हवं. तिथे तलावांचा इतिहास नको, फक्त गोवालिया टँक घ्या : गुरांना पाणी पाजायचा तलाव बुजला, त्याचं मैदान झालं, आणि ८ ऑगस्ट १९४२च्या रात्री 'भारत छोडो'चा ठराव तिथेच झाला. एवढं नीट सांगितलं तर पुरे.

कार्यक्रम झाल्यावर प्रसारणाची तारीख-वेळ लिहून घ्या आणि मुद्रित असेल तर प्रसारणाआधी एकदा ऐकू द्यावं अशी विनंती करा. चूक सापडली तर 'मध्ये कुठेतरी' असं सांगून निर्मात्याला काही करता येत नाही. मिनिट, सेकंद आणि वाक्य कळवा, तेवढं कापता येतं. थेट कार्यक्रमातली चूक पुढच्या भागात एका वाक्यात दुरुस्त करून मागावी.

मग श्रोत्यांचं साहित्य येऊ लागतं. गिरणीचा पास, आजोबांची भाडेपावती, नळजोडणीचं जुनं बिल, चौकाचा फोटो. शहराचा इतिहास लिहिताना सरकारी दप्तरात जे नाही ते याच्यातच असतं, म्हणून याची काळजी मनापासून घ्यावी लागते. मूळ कागद ठेवून घेऊ नका. सपाट उजेडात फोटो काढा, कोण, कुठलं, अंदाजे कधीचं ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या, आणि कागद परत करा. फोटोच्या मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलने, पेनने नको, शाई समोर उमटते. जुना कागद लॅमिनेट करू नये, हे लोकांना अजिबात माहीत नसतं. प्लास्टिक एकदा उष्णतेने चिकटलं की कागद न फाडता ते निघत नाही. ही सूचना हवेतून द्यायची असेल तर कार्यक्रमाच्या मध्यावरच द्या. शेवटच्या मिनिटात ती ठेवली तर संकेतधून तिच्यावरूनच सुरू होते.